मथळ्यात ‘उंदीर’ हा शब्द छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्झायमर झालेल्या मेंदूत पुन्हा साखर पोहोचली, अशा अर्थाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्याच्या पानावर होती. मथळा मोठा, आणि प्रयोग उंदरांवर झाला हे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथवर वाचेपर्यंत मला चार नातेवाइकांचे फोन आले. शेजारच्या काकू तर ग्लुकोजच्या पावडरचं पाकीट घेऊनच आल्या. माझ्या आईला अल्झायमर आहे आणि मधुमेहही. काकूंच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण ते पाकीट मी माळ्यावर टाकलं आणि हे पत्र लिहायला बसले. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे गप्प बसवेना.

तीन वर्षांपूर्वी आईच्या मेंदूचा पेट स्कॅन झाला, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे चित्रात दाखवणारी तपासणी. सहा तास उपाशी ठेवून, रक्तातली साखर बघून, तिला एफडीजी टोचलं. हा ग्लुकोजचाच जुळा भाऊ, फक्त त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला असतो. दर ११० मिनिटांनी तो निम्मा होत जातो. पेशी त्याला साखर समजून आत ओढते, पण पुढे जाळू शकत नाही. तो तिथेच अडकतो, आणि जिथे जास्त अडकला ती जागा चित्रात उजळते. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के. म्हणून टोचल्यावर अर्धा तास मंद उजेडाच्या खोलीत गप्प पडून राहायचं. बोललं, काही पाहिलं तरी त्या त्या भागाची साखर वाढते. आई दर दोन मिनिटांनी म्हणायची, “तिन्हीसांज झाली गं, दिवा लाव.” मी दाराशी बसून ओठांवर बोट ठेवत होते. नंतर डॉक्टरांनी चित्र दाखवलं. मेंदूचा मागचा भाग आणि दोन्ही कानांच्या वरची बाजू फिकी पडली होती.

उंदरांचाही असाच स्कॅन करतात, पण उंदराला गप्प पडून राहा म्हणून सांगता येत नाही. स्कॅनरमध्ये हलू नये म्हणून त्याला भूल देतात, आणि भुलीनेच मेंदूचा साखरेचा वापर बदलतो. टोचताना तो जागा होता की गुंगीत, उपाशी होता का, त्याला ऊब दिली होती का, या प्रत्येक गोष्टीने चित्र बदलतं. त्यात मेंदू वालाच्या दाण्याएवढा. एका प्रयोगशाळेत अल्झायमरच्या प्रयोगातल्या उंदरांच्या मेंदूत साखर कमी दिसते, दुसरीत जास्त, ते यामुळेही. शिवाय उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. त्याच्यात माणसाची दोषी जनुकं घालावी लागतात. ‘फाइव्ह एक्स एफएडी’ या जातीत असे पाच दोष एकदम घातलेले असतात आणि दोन महिन्यांतच मेंदूत अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचे, थर बसू लागतात. हे दोष ज्या घराण्यांत ऐन उमेदीत आजार येतो त्यांचे. उतारवयातल्या बहुतेक रुग्णांत, माझ्या आईसारख्यांत, ते नसतात.

बातमीत जे मुळीच नव्हतं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. साखर जास्त दिसली म्हणजे मेंदू सुधारला असं होत नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. अमायलॉइड दिसलं की त्या खवळून उठतात आणि स्वतःच साखर ओढू लागतात. २०२१ साली म्युनिकच्या संशोधकांनी उंदरांमध्येच दाखवलं की चित्रातली चमक बऱ्याच अंशी या पेशींची असू शकते. म्हणजे जो उजेड बघून आपण आनंदलो, तो कदाचित जळजळीचा असेल. कोणत्या पेशीने साखर खाल्ली हे नुसत्या चित्रावरून कळत नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांना माझा विरोध नाही. राखणदार पेशींची ही गोष्टही उंदरांमुळेच कळली. माझी विनंती एवढीच, की मथळ्यातच ‘उंदरांवरील प्रयोग’ असं छापा. कोणत्या जातीचे उंदीर, किती, भूल दिली होती का, आणि स्मरणशक्ती तपासली की नुसती साखर, हे चार ओळींत येऊ द्या. रुग्णांच्या आहारात यावरून काही बदल करू नये, हे चौकटीत सांगा. आमच्यासारख्या घरांत ते पान कापून फ्रिजवर चिकटवलं जातं. काकूंनीही तेच केलं होतं.

आपली,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई