ऑक्सिजनचा शेवटचा मुक्काम: आई-बाबांना पत्र

ती. आई व ती. बाबा यांस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

मी प्रयोगशाळेत नेमके कशावर काम करते, हा प्रश्न बाबांनी पुन्हा विचारला आहे. फोनवरच्या उत्तराने तुमचे समाधान होत नाही, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

पेशीतील तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रे) आतल्या पटलात श्वसनसाखळीची प्रथिने रोवलेली असतात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन त्यांच्यातून पुढे सरकत अखेरीस सायटोक्रोम ऑक्सिडेज या प्रथिनसमूहाशी येतात आणि तेथे ऑक्सिजनला मिळतात. माझे काम या समूहाच्या पहिल्या उपघटकावर, म्हणजे कॉक्स-१ वर चालते. ५१३ अमिनो आम्लांची ही साखळी पटलाला बारा वेळा आरपार छेदून जाते, आणि तिच्या पोटात हीम या लोह धरून ठेवणाऱ्या रेणूमधले लोह व तांब्याचा एक अणू समोरासमोर बसलेले असतात. ऑक्सिजनचा रेणू त्या दोहोंमध्ये अडकतो, चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन घेतो आणि पाण्याचे दोन रेणू होऊन बाहेर पडतो. त्याच ओघात आणखी चार प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, आणि त्यांच्या परतीच्या ओढीवर एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होते. चारांपेक्षा कमी इलेक्ट्रॉन मिळालेला अर्धवट ऑक्सिजन पेशीला घातक असतो, म्हणून काम पुरे होईपर्यंत त्याला न सोडणे हे मला या उपघटकाचे सर्वांत मोठे कौशल्य वाटते. सायनाइड याच लोहाला चिकटते, आणि रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरते.

आई, हे प्रथिन घडवणारे जनुक मला केवळ तुझ्याकडून मिळाले आहे. ते केंद्रकात नसून तंतुकणिकेच्या स्वतःच्या, १६,५६९ बेस-जोड्यांच्या छोट्या डीएनएत असते, आणि पित्याच्या शुक्रपेशीतून आलेल्या तंतुकणिका बीजांडात सहसा नष्ट केल्या जातात. बाबांनी मात्र नाराज होऊ नये. समूहाच्या मूळ तेरा उपघटकांपैकी तीनच तंतुकणिकेच्या डीएनएतून येतात. उरलेल्या दहांची जनुके केंद्रकात असून ती तुम्हा दोघांची आहेत. एवढेच नव्हे, तर जुळणीच्या वेळी मदत करणारी प्रथिनेही केंद्रकाचीच असतात. त्यांपैकी सर्फ-१ चे जनुक दोन्हीकडून सदोष आले, तर कॉक्स-१ निर्दोष असूनही समूह पुरेसा उभा राहत नाही आणि बाळाला मेंदूचा गंभीर असा ली विकार होऊ शकतो. दोन ठिकाणच्या जनुकांचा हा मेळ कसा बसतो, हेच मी शोधत आहे.

बाबा, उत्क्रांतीच्या ओघात तंतुकणिकेची बहुतेक जनुके केंद्रकात गेली, मग ही तीन का गेली नाहीत, हा तुमचा प्रश्न आमच्या क्षेत्रातही वादाचाच आहे. काहींच्या मते ही प्रथिने इतकी जलद्वेष्टी (पाण्यापासून दूर राहणारी) आहेत की बाहेर तयार करून ती तंतुकणिकेत आणणे अवघड जाते. तर काहींच्या मते श्वसनाच्या गतीनुसार त्यांच्या निर्मितीवर जागच्या जागी नियंत्रण ठेवता यावे, म्हणून जनुके तेथेच राहिली. मला पहिले कारण अधिक पटते, कारण चवळी, सोयाबीन यांसारख्या काही शेंगवर्गीय वनस्पतींत तुलनेने कमी जलद्वेष्ट्या कॉक्स-२ चे, म्हणजे दुसऱ्या उपघटकाचे, जनुक केंद्रकात गेलेले आढळते, पण कॉक्स-१ चे जनुक त्यांच्यातही तंतुकणिकेतच राहिले आहे.

आपली,
मुलगी