वीज मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत जाते, आमच्या ओसरीपर्यंत येत नाही! ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

दि. २८ एप्रिल २०२५

मा. ऊर्जामंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गेल्या गुरुवारी भर दुपारी माझ्या मायच्या घराची लाइन कापली. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, घर कवेलूचं, माय ७१ वर्षांची, घरात एकटी. पारा ४५ च्या आसपास. दोन माणसं आली, खांबाला शिडी लावली, तार सोडली आणि गेली. मायने शेजारच्या पोराच्या फोनवरून मला कळवलं, ‘बाबू, लाइन काटली रे. कूलर बंद पडला.’

मी तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. लोकांची वीजबिलं भरून देणं हाही माझ्या धंद्याचा भाग आहे. महिन्याला शे-दीडशे बिलं हाताखालून जातात, त्यामुळे स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क हे शब्द मला मुलांच्या नावांसारखे पाठ आहेत. म्हणून पुढचा हिशेब जरा नीट वाचावा ही विनंती.

मायच्या घरी दोन बल्ब, एक पंखा, टीव्ही आणि कूलर. मीटर ओसरीत आहे, रस्त्याकडे तोंड करून. त्याला ना कुलूप, ना कुत्रं. तरीही गेल्या वर्षी एप्रिल ते ऑगस्ट अशी पाच महिन्यांची बिलं ‘आर.एन.ए.’ म्हणून आली, म्हणजे रीडिंग उपलब्ध नाही. दर महिन्याला सरासरी ४० युनिट लावून टाकले. आम्ही मुकाट भरले. सप्टेंबरमध्ये कोणीतरी उगवलं, रीडिंग घेतलं आणि मीटरने सहा महिन्यांचे ६४० युनिट दाखवले. आधी भरलेले २०० वजा केले की उरतात ४४०.

आता गंमत बघा. हे ४४० युनिट सहा महिन्यांचे आहेत. महावितरण कंपनीच्या कॉम्प्युटरने ते मायने एका सप्टेंबर महिन्यात जाळले असं धरलं. पहिले १०० युनिट वहन आकारासह ५ रुपये ८८ पैशांनी, पुढचे २०० युनिट ११ रुपये ४६ पैशांनी आणि उरलेले १४० युनिट १५ रुपये ७२ पैशांनी. वर स्थिर आकार १२८ रुपये, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन बाजूला ठेवलं तरी ६,०४२ रुपये. तेच ६४० युनिट सहा महिन्यांत वाटले असते, तर ६०० युनिट सगळ्यात खालच्या दराने गेले असते आणि बाकी निघाली असती ३,४०९ रुपये. रीडिंग न घेण्याची चूक त्यांची, दंड २,६३३ रुपये मायला. तिला श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार मिळतात. लाडक्या बहिणीत ती बसत नाही, कारण तिथे वयाची अट ६५. बहीण म्हातारी झाली की लाडकी राहत नाही, हे तुमच्याच सरकारकडून कळलं.

मी अर्ज दिला. पोच घेतली. ३,४०९ रुपये निषेध नोंदवून भरले, पुढचं एकही बिल चुकवलं नाही. उपविभागीय कार्यालयात सात चकरा झाल्या. पहिल्या चकरेत साहेब मीटिंगला, दुसऱ्या चकरेत साहेब बदलून गेलेले, तिसऱ्या चकरेत नवीन साहेबांना फाइल सापडली नाही. चौथ्या वेळी खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘आधी पूर्ण भरा, मग दुरुस्ती बघू.’ प्रत्येक चकरेला माझं दुकान अर्धा दिवस बंद. फेब्रुवारीत डॉक्टरांनी मला बीपीची गोळी सुरू केली. तिचे पैसे कोणत्या आकारात टाकायचे, तेवढं कळवा.

वीज कायदा २००३ मधलं कलम ५६ मी दुकानातल्या प्रिंटरवर छापून बरोबर नेलं होतं. लाइन कापण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाबद्दल वाद असेल आणि ग्राहकाने मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत लाइन कापता येत नाही. खिडकीवरच्या माणसाने कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि परत दिला.

नोटीस दिली होती म्हणतात. एसएमएसने. कनेक्शन वडिलांच्या नावावर, मोबाइल नंबरही त्यांचाच. वडील २०२१ मध्ये गेले, सिम केव्हाच बंद पडलं. नाव बदलायचा अर्जही त्याच कार्यालयात पडून आहे. म्हणजे नोटीस गेली वडिलांना आणि तार कापली मायची.

आता कूलरबद्दल, कारण तिथले एक साहेब हसत म्हणाले होते, ‘म्हातारीला कूलर लागतो का?’ हो साहेब, लागतो. तुमच्या केबिनमधल्या एसीतून हा प्रश्न सुचतो, आमच्या कवेलूखाली सुचत नाही. साधा १८० वॉटचा कूलर दिवसाला सोळा तास चालला की महिन्याला ८६ युनिट होतात. एरवीचे ५५ धरले की १४१. शंभर युनिट ५८८ रुपयांना आणि वरचे ४१ युनिट ४७० रुपयांना! शंभराची ही रेघ ज्याने आखली, त्याने चंद्रपूरचा मे महिना बघितलेला नसावा. नागपुरात राहून, गडचिरोलीत राहून, इथे राहून शंभर युनिटात उन्हाळा काढून दाखवावा कोणीतरी. रत्नागिरी आणि चंद्रपूर एकाच पट्टीने मोजायचे, हा कुठला न्याय?

आणि वचनं! विधानसभेच्या आधी, नोव्हेंबरमध्ये, वीजबिलात ३० टक्के कपात म्हणालात. मार्चच्या २८ तारखेला वीज नियामक आयोगाने दर कमी करणारा आदेश काढला, १ एप्रिलपासून साधारण दहा टक्के स्वस्त होणार अशा बातम्या आल्या. माझ्या दुकानात लोक पेढे मागायला आले होते, खरं सांगतो. २ एप्रिलला त्याच आदेशाला स्थगिती, तीही वितरण कंपनीच्या विनंतीवरून. तीसाचे दहा झाले, दहाचं शून्य झालं, आणि तेही एका आठवड्याच्या आत. तुमच्याआधीचे फार वेगळे होते असंही नाही. २०२० च्या लॉकडाऊनमधल्या बिलांत सवलत देऊ म्हणून गाजर दाखवलं आणि नोव्हेंबरात हात वर केले. गेल्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर झालं. आता टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा) असं नाव घेऊन तेच दारात उभं आहे. प्रीपेड नाही म्हणता. ठीक आहे. रीडिंग आपोआप जाणार म्हणता. मग आमच्या पाच महिन्यांच्या ‘आर.एन.ए.’ची भरपाईही आपोआप येणार का?

सौर लावा, असा सल्लाही मिळाला. सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार अनुदान आहे, मीच लोकांचे फॉर्म भरतो. मायच्या कवेलूवर माकडं धावली तरी दोन-चार कवेलू फुटतात, पॅनेल कुठे ठेवू? शेतीपंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत वीज दिली, चांगलं केलं, पण मायचं दोन एकर कोरडवाहू आहे. पंप नाही, म्हणून मोफत नाही. प्रत्येक योजनेच्या उंबरठ्यावर मायची चप्पल बाहेरच राहते.

माझ्या मायचं एक प्रकरण तुम्हाला किरकोळ वाटेल. राज्यात घरगुती ग्राहक दोन कोटींच्या वर आहेत. शंभरात एका घरी जरी असं झालं असेल तर दोन लाख घरं. घरटी २,६०० धरा, ५२ कोटी होतात. हा हिशेब मी गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर केला आहे. चुकला असेल तर तुमच्या खात्याने दुरुस्त करून जाहीर करावा. करणार नाहीत, कारण करायला गेलं तर आकडा कदाचित वाढेल.

मी वेगळ्या विदर्भाच्या मोर्चाला कधी गेलेलो नाही. विदर्भाला महाराष्ट्रात सामील करून घेण्याचा नागपूर करार १९५३ चा, मी जन्मलो त्याच्या कितीतरी नंतर. पण गुरुवारी रात्री अंगणात बाज टाकून मायजवळ बसलो होतो, तेव्हा क्षितिजावर औष्णिक केंद्राचे दिवे लुकलुकत होते. २,९२० मेगावॉटचं केंद्र. पाणी आमच्या इरई धरणाचं, कोळसा आमच्या जमिनीखालचा, २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित भागांच्या यादीत नाव आमच्या चंद्रपूरचं. इथून पडघ्यापर्यंत उच्चदाबाची एकदिश (डीसी) वीजवाहिनी गेली आहे, ७५२ किलोमीटर. ती १९९९ पासून तिथवर जाते. आणि खांबापासून ओसरीपर्यंतची चाळीस फूट तार कोणाला जपता येत नाही. २०१४ पासून बहुतेक काळ ऊर्जा खातं नागपूरच्याच माणसाकडे आहे, याचा आम्हाला अभिमान वाटायचा. वाटायचा.

सुरुवातीला ‘आपण’ लिहीत होतो, मधेच ‘तुम्ही’वर आलो हे माझ्या लक्षात आलं आहे. खोडत नाही.

मागणं फार नाही. मायची लाइन आज जोडा, पुन्हा जोडणीचे पैसे न घेता. सप्टेंबरचं बिल सहा महिन्यांत वाटून नव्याने काढा. विदर्भात मार्च ते जून शंभराची मर्यादा वाढवा. रीडिंग न घेतलेल्या महिन्यांचा भुर्दंड रीडिंग घेणाऱ्या ठेकेदाराकडून वसूल करा, ग्राहकाकडून नको. आणि २८ मार्चच्या आदेशाचं काय झालं, ते मराठीत सांगा.

उत्तर पाठवणार असाल तर पोस्टाने पाठवा. एसएमएस नको. तो नंबर वडिलांचा आहे.

आपला,
एक ग्राहक (थकबाकीदार, तुमच्या मते)
चंद्रपूर जिल्हा