कचरा धुऊन ठेवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

मुलं तुम्हाला मावशी म्हणतात, मी ताई म्हणते, तुम्हाला दोन्ही चालतं असं तुम्हीच हसून सांगितलंत म्हणून तसंच लिहितेय. खरं तर हे समोर बसून बोलायला हवं होतं पण तुम्ही म्हणालात फोनवर टाका, लेक वाचून दाखवेल. आणि मलाही वाटलं बाकीच्यांनी वाचलं तर बरंच आहे, काही जणांनी तर मुद्दाम वाचावं.

शाळेचा प्रोजेक्ट म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहितीय, विषय शाळेचा, नाव मुलांचं आणि धावपळ आईबापाची. आठवीच्या पोरांच्या गटाला विषय आला कचरा वर्गीकरण आणि रिसायकलिंग, माझी लेक त्या गटात, म्हणून मी ड्रायव्हर, मी फोन करणारी, मीच "अरे हात धुवा रे" ओरडणारी.

तुमच्याकडे, कचरा वेगळा करायच्या तुमच्या शेडवर, आम्ही सगळ्यात शेवटी आलो, हे सांगताना आता जरा लाज वाटते. आधी गेलो ते जिथे जावं असं सगळे सांगतात तिथे, ज्या ऑफिसच्या दारावर ओला-सुका कचऱ्याचं हे मोठं पोस्टर आहे तिथे. अर्ज द्या, दिला. शाळेचं पत्र आणा, आणलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा, बसलो. साहेब मीटिंगमधून डायरेक्ट घरी गेले ते आम्हाला शिपायाकडून कळलं. आणि त्या पोस्टरच्या बरोब्बर खाली जी बादली होती तिच्यात कागद, कप, उरलेलं जेवण आणि एक बंद पडलेला बल्ब सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते.

मग एक एक्स्पर्ट मिळाले. त्यांनी तासभर स्लाइड दाखवल्या, समुद्र, कासव, पृथ्वी रडतेय वगैरे, पोरं बिचारी घाबरून बसली. माझ्या लेकीने हात वर करून विचारलं की सर, वेफर्सचं पाकीट नेमकं कशात टाकायचं? सर म्हणाले व्हेरी गुड क्वेश्चन, पुढे येईलच. पुढे काही आलं नाही, सरांची गाडी आली.

आणि तिसरे ते रंगीत डबेवाले. शाळेला डबे दिले, पोरांना टीशर्ट दिले, मागे बॅनर लावून फोटो काढला. संध्याकाळी सगळे डबे एकाच ट्रॉलीत उलटे झाले ते पोरांनी स्वतः पाहिलं. तुमच्याकडे शिकून आल्यावर पोरांच्या लक्षात आलं की तो बॅनर फ्लेक्सचा होता, म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा, म्हणजे पाइपच्या प्लास्टिकचा, थर, दोन जिवांचा असा मेळ की सोडवता सोडवत नाही. रिसायकलिंगचा संदेश आणि तो छापला कशावर तर ह्याच्यावर! असो. त्यांचं भलं होवो.

तुमच्याकडे अर्ज लागला नाही. तुम्ही फक्त विचारलं, किती पोरं आहेत आणि कितवीतली. सकाळी कचऱ्याची गाडी खाली होते तेव्हा नको, दुपारी आणा. झालं.

ताई, आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. आम्ही आलो तेव्हा शेडच्या कडेला दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालतात तसा कचरा वाळत होता. दुधाच्या पिशव्या, शाम्पूची बाटली, वेफर्सची पाकिटं, ज्यूसचा खोका, सगळं चिमट्याला लावून. खाली सुपात बाटल्यांची झाकणं वेगळी, पातळ डबे वेगळे, पाइपचे तुकडे वेगळे. मला आधी वाटलं हे रोजचंच असेल. तर तुमच्यासोबत काम करणाऱ्या काकू म्हणाल्या, नाही हो, पोरं येणार म्हणून हिने काल काम संपल्यावर थांबून वेचून काढलं आणि धुतलं, पोरांचे हात खराब व्हायला नकोत म्हणून.

मी तिथे काही बोलले नाही कारण मला बोलताच आलं नाही. ज्या बाईचा अख्खा दिवस दुसऱ्यांनी न धुता फेकलेल्या गोष्टी उघडण्यात जातो तिने आमच्या पोरांसाठी त्यांच्याच घरच्यासारखा कचरा धुऊन, वाळवून, वेगळा करून ठेवला. आमच्यापैकी एकीने तरी आजवर दुधाची पिशवी धुऊन दिली होती का तुम्हाला? आणि तुम्ही ह्याच्याबद्दल एक टोमणासुद्धा मारला नाहीत. पोरांना वाटलं असंच असतं, स्वच्छ. मी मुद्दाम त्यांना खरं सांगितलं, गाडीत बसल्यावर. गाडीत बराच वेळ कोणी फोन काढला नाही.

बाकी तुम्ही जे शिकवलंत ते तर मी आता येईल-जाईल त्याला सांगत सुटलेय. वेफर्सच्या पाकिटाचं उत्तर तुम्ही दिलंत, तेही भाषण न देता. पाकीट लेकीच्या हातात दिलं, म्हणालात मुठीत घट्ट चुरगाळ आणि सोड. सोडल्यावर ते चर्र करत परत उघडलं. मग साधी चांदीसारखी फॉइल दिलीत, ती चुरगाळली तशीच गोळा होऊन बसली. गोळा बसला तर धातू, उघडलं तर प्लास्टिक, वरचा चकाकता थर नुसता धातूचा मुलामा. असलं पाकीट बहुतेक ठिकाणी रिसायकल होतच नाही कारण थर वेगळे करणं परवडत नाही, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, "हे कोणी घेत नाही." पोरांच्या वहीत हे वाक्य ठळक अक्षरात आहे.

दुकानातल्या बिलाचं पण तसंच. आम्ही सगळेच ते कागदात टाकतो. तुम्ही नखाने ओरखडा मारून दाखवलात, काळी रेघ उमटली. म्हणजे थर्मल कागद, त्यावर केमिकलचा लेप, कागदाच्या गठ्ठ्यात नको. ज्यूसचा खोका फाडून पोरांना थर सोलायला लावलेत, पुठ्ठा, प्लास्टिक, आत ॲल्युमिनियमचा पापुद्रा, पोरं अक्षरशः भांडत होती कोण जास्त थर काढतो म्हणून.

आणि बादली! पाण्याच्या बादलीत तुम्ही पाण्याच्या बाटलीचे तुकडे टाकलेत, बुडाले. त्याच बाटलीचं झाकण टाकलंत, तरंगलं. पोरं गप्प. मग एकजण हळूच म्हणाला, मावशी हे तर आमच्या पुस्तकात आहे, घनता! पाण्याची घनता एक, पेटची, म्हणजे त्या बाटलीच्या प्लास्टिकची, साधारण १.३८, झाकण असतं पॉलिप्रॉपिलीन नाहीतर एचडीपीई ह्या दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं, ते एकच्या खाली, म्हणून वर. पुस्तकात ती बेरीज-भागाकाराची कटकट होती, तुमच्या बादलीत ती डोळ्यासमोर वर-खाली झाली. तुम्ही त्याला म्हणालात, "पुस्तकात आहे ना, मग बरोबरच आहे मी करते ते." ताई उलटं आहे हो ते, तुम्ही करता ते पुस्तकात उशिरा आलंय.

एका पोराने तुम्हाला अडकवायचा प्रयत्न केला, पाइपचा तुकडा पण बुडतो मग तो आणि बाटली वेगळं कसं करणार. तुम्ही हसलात, म्हणालात तिथे बादली कामाची नाही. दोन पातळ तुकडे घेतलेत आणि दुमडलेत, पीव्हीसीच्या घडीवर पांढरी रेघ आली, पेटच्या नाही आली. घरी येऊन पोरांनी वाचलं की पेटच्या ढिगात थोडंसं जरी पीव्हीसी गेलं तरी वितळवताना ते जळून सगळा माल खराब करतं. म्हणजे तुमच्या बोटांतून एक तुकडा निसटला तर पुढे किती वाया जातं, आणि आपण समजतो हे काम कोणीही करेल.

चार्टसाठी पोरांनी बाणांच्या त्रिकोणाचं चिन्ह काढलं होतं, ते १९७० साली गॅरी अँडरसन नावाच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी केलेलं. पोरं जाम खूश, म्हणजे विद्यार्थ्यानेच केलंय की! पण प्लास्टिकवर त्या त्रिकोणात जो १ ते ७ आकडा असतो तो १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिकवाल्यांच्या संघटनेने आणला, आणि तो फक्त कुठल्या जातीचं प्लास्टिक आहे ते सांगतो, रिसायकल होईलच असं नाही. आम्ही सगळे आजवर बाण दिसले की "होतं रिसायकल" म्हणून निवांत. लेकीने तुम्हाला विचारलं मावशी तुम्ही आकडा बघता का, तर तुम्ही म्हणालात, फाटक्या तुकड्यावर कुठला आकडा बाळा, आवाजावरून कळतं. आणि दोन पिशव्या तिच्या कानाशी चुरगाळल्यात, एक कुरकुरणारी, एक मऊ, जवळजवळ मुकी. डोळे मिट म्हणालात आणि परत ओळखायला लावलंत. तिने ओळखल्या. तो चेहरा मी विसरणार नाही.

मोठमोठ्या मशिनी आहेत म्हणे, इन्फ्रारेड प्रकाशाने प्लास्टिक ओळखतात, पण काळं प्लास्टिक बऱ्याच मशिनींना दिसतच नाही कारण त्यातला कार्बनचा रंग प्रकाश गिळून टाकतो. हे वाचून लेक म्हणाली मावशीला तर दिसतं. मग.

ओल्या कचऱ्याचं फार बोलणं झालं नाही, त्याची गरजही नव्हती, तुम्ही फक्त भाजीच्या पाण्याने भिजलेला कागदाचा गठ्ठा दाखवलात आणि म्हणालात हा गेला. कागदाचे धागे तसेही दर वेळी आखूड होत जातात, पाच-सात वेळा फिरून झालं की संपलं, आणि आपण तो पहिल्याच फेरीत घालवायचा.

तुमच्या डाव्या अंगठ्याखालच्या पांढऱ्या खुणेबद्दल पोरांनीच विचारलं, मला विचारायचा धीर नव्हता. काच, एवढंच म्हणालात. कोणाच्या घरची, कधीची, काही नाही, राग पण नाही. त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये पोरांनी घरोघरी जाऊन सांगितलं की फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा, वर मोठ्या अक्षरात काच लिहा, सुई आणि ब्लेड पिशवीत सुटी टाकू नका. पृथ्वी वाचवा वगैरे काही नाही. पोरं सरळ सांगत होती की आतमध्ये एका मावशींचा हात जातो. खरं सांगते, ह्या वाक्याला लोकांनी दार लावलं नाही. पृथ्वीचं नाव काढलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात, माणसाचा हात म्हटल्यावर जरा थांबतात.

मला नेहमी प्रश्न पडतो की चांगुलपणा नेमका कुठे राहतो, कारण जिथे बोर्ड लागलेला असतो तिथे तो भेटत नाही. पगार घेऊन ज्यांनी सांगायचं त्यांना वेळ नव्हता, आणि जिचे पैसे किलोवर ठरतात, म्हणजे आमच्यासोबत घालवलेली दुपार जिची सरळ बुडाली, तिला होता. तरी तुम्ही निघताना विचारलंत की पोरांना कळलं ना नीट, का परत येऊ देत? मी अशी माणसं फार पाहिलेली नाहीत. पाहिली असतील तर लक्ष दिलेलं नाही, ते जास्त खरं असेल.

प्रोजेक्टला नंबर आला की नाही ते मुद्दाम सांगत नाही, तुम्ही विचारलंही नसतं. पण प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी बादलीभोवती होती, आणि एक परीक्षक सर घडीवरची पांढरी रेघ स्वतः परत परत करून बघत होते. पोरांनी बोर्डवर "मार्गदर्शक" च्या पुढे तुमचं नाव लिहिलंय, शाळेने विचारलं ह्या कोण, तर सांगितलं ह्यांनाच सगळं येतं. धुतलेल्या सॅम्पलची ती पिशवी विज्ञानाच्या सरांनी लॅबमध्ये ठेवून घेतली आहे, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी, चालेल ना? आणि हातमोज्यांचा साइज कळवा, तुमचा आणि काकूंचा, आधीचे सैल होतात म्हणाला होतात, सैल असले की काच आत शिरते.

आता गंमत ऐका. ते पोस्टरवालं ऑफिस, त्यांचा काल शाळेत फोन आला, प्रदर्शनाबद्दल कुठेतरी ऐकलं म्हणे, त्यांच्या रिपोर्टसाठी मुलांसोबत फोटो हवाय. मुख्याध्यापिका बाईंनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं काढूया की, पण शाळेत नको, शेडवर या, दुपारी, सकाळी गाडी खाली होते, आणि येताना तुमच्या ऑफिसची ती पोस्टरखालची बादली घेऊन या, ताई आणि पोरं मिळून तुम्हाला वेगळी करून दाखवतील. बघून सांगतो म्हणालेत.