काका, ती टेप मी गुंडाळली होती

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

परवा तुम्ही आपल्या हौशी रेडिओ क्लबच्या रिपीटरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि "गुडघे आता शिडीला तयार नाहीत" एवढं म्हणून विषय मिटवलात. क्लबच्या बैठकीत तुमच्या आभाराचा ठराव आला, तर तुम्ही "आधी बॅटऱ्यांचं बघू" म्हणून तोही बाजूला सारलात. समोर बसून तुम्ही ऐकणार नाही, म्हणून हे पत्र उघडपणे, सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे. आभारांसोबत यात एक कबुली आहे. ती आधीच उरकायची होती, पण ज्यांनी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही त्यांना ती कळायची नाही. त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करते.

आपल्या हातातल्या पाच वॅटच्या हँडीचा, म्हणजे छोट्या वायरलेस सेटचा, आवाज इमारती आणि उंचवटे अडवतात. उंचावर बसवलेला रिपीटर तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर जोरात बोलून दाखवतो. दोन मीटर बँडवर या दोन फ्रीक्वेन्सींमध्ये सहसा ६०० किलोहर्ट्झचंच अंतर असतं, आणि ॲन्टेना मात्र एकच. बाहेर जाते २५ वॅट, आणि त्याच वेळी आत जे ऐकायचं असतं ते ०.२ मायक्रोव्होल्ट. एकदा पाठकोऱ्या कागदावर तुम्ही मला हा हिशेब करायला लावला होतात. दोन्ही शक्तींचं गुणोत्तर ३ वर १६ शून्यं, इतकं निघालं. मी शून्यं दोनदा मोजली. तुम्ही म्हणालात, "म्हणजे ढोल बडवणाऱ्यानेच कुजबुज ऐकायची." ढोल आणि कान वेगळे ठेवायचं काम डुप्लेक्सरचे ते सहा उंच डबे करतात. प्रत्येक डब्याच्या डोक्यावर एक दांडी असते, ती केसभर सरकली की ट्यूनिंग गेलं.

आता ते प्रकरण. पावसाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर रिपीटर बहिरा झाला. गाडीतल्या मोठ्या सेटवाले ऐकू येत होते, हँडीवाल्यांचे मात्र शब्द अर्ध्यात तुटायचे, आणि वारा सुटला की वर चरचर. नेटवर, म्हणजे रेडिओवरच भरणाऱ्या आपल्या बैठकीत, रोज संध्याकाळी तक्रारी. सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे ज्यांनी ऐकलं त्यांना आठवत असेल. डुप्लेक्सर बिघडला आहे, तो पुन्हा ट्यून करायलाच हवा, असं मी सलग तीन नेटवर ठासून सांगितलं. डुप्लेक्सरवर एक लेख वाचला होता, त्याचा तो परिणाम.

खोलीत शिरल्या शिरल्या मी पाना घेतला आणि पहिल्या डब्याच्या दांडीचं नट धरलं. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि म्हणालात, "आधी ऐकू या."

मग तासभर आपण ऐकलंच. एक सभासद आपल्या घरून सगळ्यात कमी पॉवरवर बोलत राहिला. ट्रान्समीटर बंद असताना त्याचा आवाज खरखरीत, पण समजेल असा. ट्रान्समीटर सुरू केला की तो फसफसाटात बुडून जायचा. पुन्हा बंद केला की पुन्हा वर. मग तुम्ही ॲन्टेनाची केबल काढून तिच्या जागी डमी लोड, म्हणजे पॉवर पिऊन टाकणारा नकली ॲन्टेना, लावलात आणि सिग्नल जनरेटरचा अगदी क्षीण सूर कपलरमधून आत सोडलात. ट्रान्समीटर चालू, बंद, चालू. सुरात काही फरक नाही. डुप्लेक्सर निर्दोष सुटला. गुन्हेगार वर होता, एकतर केबलमध्ये किंवा ॲन्टेनात. मी त्या दांड्या फिरवल्या असत्या तर एका दोषाचे दोन झाले असते आणि ट्यूनिंग जागेवर आणायला ॲनालायझर घेऊन आपण किती दिवस बसलो असतो कुणास ठाऊक.

तुम्ही ट्रान्समीटरचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकलात. मास्टवर, म्हणजे ॲन्टेनाच्या खांबावर, जो चढतो, फ्यूज त्याच्याच खिशात, हा तुमचा नियम. पट्टा बांधून तुम्ही वर गेलात, मी खाली दोर धरून. थोड्या वेळाने दोराला बांधलेली पिशवी खाली आली. तिच्यात ॲन्टेनाच्या बुडाशी असलेला कनेक्टर होता, हातभर केबलसकट कापलेला. मी तो उचलला तर त्यातून पाणी ओघळून माझ्या मनगटावर आलं. केबलची जाळी तांब्याच्या रंगाची असते, ही काळी पडली होती, वीतभर आतपर्यंत. कनेक्टरच्या टोकाशी हिरवट चिकट थर. चरचर तिथूनच येत होती.

आणि काका, त्यावरची टेप वरून खाली गुंडाळलेली होती. एकेका वेढ्याची कड आभाळाकडे तोंड करून उघडी, म्हणजे पाण्यासाठी खिसेच शिवून ठेवलेले. टोकाला एक पिवळा पट्टा बांधलेला होता. तो मी बांधला होता. आदल्या वर्षी पहिल्यांदा मास्टवर चढले, कनेक्टर बसवला, आणि शेवट नीट दिसावा म्हणून हौसेने पिवळा पट्टा बांधला. आतली स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून लावायची असते, तीही मी नुसती गुंडाळली होती. घाई होती, फोटो काढायचा होता.

तुम्ही खाली उतरलात. माझ्या हातातला तुकडा पाहिलात, पिवळा पट्टाही पाहिलात. मला वाटलं, आता येणार. तुम्ही पिशवीतून नवी टेप काढलीत, खोलीतल्या एका जुन्या कनेक्टरवर गुंडाळून दाखवलीत आणि एवढंच म्हणालात, "शेवटचा थर खालून वर. कौलं घालतात तशी."

त्या संध्याकाळी नेटवर कुणीतरी विचारलं, नेमकं काय झालं होतं? मी हँडी हातात घेऊन बसले होते, पीटीटीवर, म्हणजे बोलायच्या बटणावर, बोट होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. तुमचा आवाज आला: "कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. बदलला. ओव्हर." दुसऱ्याने विचारलं, इतक्यात कसं शिरलं? तुम्ही म्हणालात, "वर बरंच काही होत असतं." आणि पुढच्या स्टेशनला बोलावलंत. तीन नेट मी डुप्लेक्सरच्या नावाने ओरडत होते, आणि दोष माझ्या हातचा होता. तुम्हाला ते सकाळपासून माहीत होतं. क्लबात आजवर कुणालाही माहीत नाही. आता आहे.

गेल्या आठवड्यात लॉगबुक चाळताना त्या दिवसाची नोंद सापडली. तुमच्या त्या टोकदार अक्षरात: "कनेक्टर बदलला. परावर्तित पॉवर नगण्य. टेप खालून वर." या नोंदीत नाव नाही. आदल्या वर्षीच्या नोंदीत मात्र माझी सही आहे, ठळक, खाली रेघ ओढलेली.

बाकीच्या गोष्टींचे आभार मोघम मानले तर तुम्हाला चालेल, पण दोन सांगायच्याच आहेत.

मोर्स शिकवताना तुम्ही आम्हाला तक्ता दिला नाहीत. ऑस्कर-१ ची गोष्ट सांगितलीत. १२ डिसेंबर १९६१ ला उडालेला हौशींनी बनवलेला तो पहिला उपग्रह, वजन साडेचार किलोच्या आसपास. तो जेमतेम तीन आठवडे फक्त "हाय" म्हणत राहिला: चार टिंबं, दोन टिंबं. उपग्रहाच्या आतलं तापमान बदललं की त्याचा वेगही बदलायचा, त्यामुळे नुसत्या कानाने आणि घड्याळाने त्याची तब्येत कळायची. ती सहा टिंबं मी टेबलावर बोटाने इतकी वाजवली की घरचे वैतागले. आज रिपीटरची शेपूट, म्हणजे आपण पीटीटी सोडल्यावर उरणारे ते दोनेक सेकंद, ऐकून तुम्ही "बॅटरी दमली आहे" म्हणता, तेव्हा मला तो उपग्रहच आठवतो. (तुमचा अंदाज एकदा चुकला होता. तेही इथे नोंदवून ठेवते, नाहीतर हे पत्र फारच गोड होईल.)

दुसरी फॉक्स हंटची, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या खेळाची. स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसीच्या नळीवर बसवून केलेली तीन एलिमेंटची यागी, म्हणजे दिशा दाखवणारा ॲन्टेना, घेऊन मी धावत सुटले आणि लपवलेल्या ट्रान्समीटरच्या जवळ पोचताच हरवले, कारण तिथे सगळ्याच दिशांनी मीटर भरलेला. तुम्ही बाजूने जाता जाता म्हणालात, "यागी ठेव. हँडी छातीशी धर आणि जागच्या जागी फीर. आवाज सगळ्यात पडेल तेव्हा तो तुझ्या पाठीमागे." बरोबर पाठीमागेच होता, झुडपात, वीस पावलांवर. आता नव्या मुलांना मी हे असं सांगते जणू माझंच आहे.

नेट कंट्रोल, परीक्षेचे वर्ग, कार्यशाळा हे सगळं बाकीचेही करतात आणि चांगलं करतात. पण १८ एप्रिलला, जागतिक हौशी रेडिओ दिनाची भाषणं सुरू असताना, कोण कुठे असतं हे मला ठाऊक आहे. तुम्ही खोलीत असता. मेन्सचा स्विच पाडून ट्रान्समीटर बॅटरीवर दाबून धरता आणि व्होल्टमीटरचा काटा किती घसरतो ते पाहता. हवेच्या जाळीत कुंभारमाशीने घर केलंय का ते टॉर्चने बघता. केबिनेट उघडण्यापूर्वी दारावर टकटक करता, पालीसाठी. ही शेवटची सवय मी अजून उचललेली नाही, पण परवा दार उघडलं तेव्हा तिने मला दचकवलंच. म्हणजे तीही आता लावून घ्यावी लागेल.

आता काम. येत्या शनिवारी सकाळी मी वर्षाची तपासणी करणार आहे. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर, पुढे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पॉवरची नोंद, मास्टवरचे नटबोल्ट आणि क्लॅम्पवरचा गंज. वर मी चढेन, फ्यूज माझ्या खिशात असेल. डीसेन्सच्या, म्हणजे स्वतःच्याच ट्रान्समीटरने रिपीटर बहिरा होतो का त्या, चाचणीसाठी मला घरून बोलणारं एक कच्चं स्टेशन हवं आहे. दोन वर्षं तुमच्यासाठी ते मी होते, आतल्या खोलीत बसून एक ते दहा आकडे म्हणत. तुम्ही बसाल का? हँडी सगळ्यात कमी पॉवरवर ठेवा आणि खिडकीपाशी येऊ नका, सिग्नल चांगला आला तर उपयोग नाही.

साडेनऊला हाक देते.

७३ (म्हणजे रेडिओवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा),
तुमची पिवळ्या पट्ट्याची पोर