नाव विचारायचं राहूनच गेलं

थायलंडमध्ये निवृत्त म्हणून आणखी वर्षभर राहायची परवानगी अखेर काल पासपोर्टवर उमटली. पन्नाशी मी कधीच ओलांडलीय, आणि ८ लाख बाथ नियमाप्रमाणे दोन महिने आधीपासून थाई बँकेत पडून होते. म्हटलं, आता काय, शिक्का घ्यायचा नि निघायचं! घोडं अडलं पासबुकापाशी. त्यात ताजी नोंदच नव्हती.

इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या थाई बाईंनी माझा पडलेला चेहरा पाहिला. त्यांना इंग्रजी येईना, मला थाई. खुणांनीच त्यांनी मला बाहेर आणलं, एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसवलं. तो बँकेत घेऊन गेला, थांबला, परत आणलं; वर जादा पैसे घेईना. झेरॉक्सवाल्या मुलीने तर प्रत्येक पानावर माझ्याकडून सही करून घेतली. ते मला सुचलंच नसतं. आमच्या घरमालकांनी टीएम ३०, म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडे राहतो ही इमिग्रेशनकडची नोंद, वेळेत केली होती, त्यांचेही आभार.

१,९०० बाथ फी भरून बाहेर आलो, तर बाई निघून गेलेल्या.

९० दिवसांनी पत्ता कळवायला पुन्हा जायचंय. ही म्हणाली, बेसनाचे लाडू बरोबर ठेवा, भेटल्या तर द्या.