विरजणाची वाटी

नागपूर, रविवार दुपार

प्रिय बाबू,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, शेजारच्या फ्लॅटमधून रात्री मारल्याचे आवाज येतात, पण नवरा-बायकोच्या भांडणात आपण कसं पडायचं?" मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. उत्तर नव्हतं म्हणून नाही, लाज वाटली म्हणून.

तू चौथीत होतास. इंदोऱ्याच्या आपल्या जुन्या खोलीची भिंत एका विटेची. पलीकडच्या काकू ओरडू लागल्या की तू वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसायचास. आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायची, म्हणायची, "तू गणितं सोडव." मी अंगणवाडी सेविका, दिवसभर घरोघरी फिरणारी, आणि स्वतःच्या भिंतीपलीकडे गेले नाही. तेव्हा 'आपण कसं पडायचं' हे तू दुसऱ्या कुणाकडून शिकला नाहीस.

माझी आजी 1942 च्या जुलैत नागपुरात भरलेल्या महिला परिषदेला गेली होती. नवऱ्याची दासी होऊन राहू नका, मैत्रिणीच्या नात्याने बरोबरीने राहा, असं बाबासाहेबांनी तिथे बायकांना सांगितलं होतं. आजी ते आयुष्यभर सांगायची. आणि परिषदेहून आल्यावर आठवड्याच्या आत आज्याने तिला चुलीतलं लाकूड मारलं, हेही सांगायची. दोन्ही एकाच आवाजात. शेजारपाजारचे दारात उभे राहून पाहत होते म्हणे.

आता वस्तीत आमचं जरा वेगळं चालतं. सुरुवात बचत गटात झाली. हप्त्याचे पैसे मोजताना एकीचा हात वर उठेना, आणि कुणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "बाथरूममध्ये घसरली." तिसऱ्यांदा घसरली होती. त्या दिवशी आम्ही ठरवलं की गल्लीत आवाज आला तर जिचं घर सगळ्यात जवळ, तिने वाटी घेऊन विरजण मागायला जायचं. भांडायला नाही, समजवायला नाही. विरजण मागायला. पाठोपाठ दुसरीने साखर मागायला.

मागच्या पावसाळ्यात मी गेले होते. रात्रीचे अकरा. कडी काढली त्याने. हातात गॅसच्या नळीचा तुकडा. "काय पायजे?" मी वाटी पुढे केली. "विरजण द्या न भाऊ, सकाळी पाहुणे येऊन राहिले." तो माझ्याकडे पाहत राहिला, मग नळी खाली ठेवून खरंच स्वयंपाकघरात गेला. तेवढ्यात ती लेकराला कडेवर घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली. दही कसलं, त्याने वाटीत ताक आणून दिलं. माझे पाय थरथरत होते, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असताना, त्याच्याशी पानठेल्यावाले मामा बोलले. ते काम पुरुषांकडेच ठेवलंय, कारण बाई बोलली की त्याचा राग रात्री घरात निघतो.

खरी दमछाक पुढे असते. दवाखान्यात सांगा, पोलिसांना सांगा, वकिलाला सांगा, दरवेळी पहिल्यापासून. अर्ध्या बाया तिथेच थकून घरी परततात. म्हणून आम्ही एक सोबतीण ठरवतो, ती सगळीकडे बरोबर जाते आणि तारीखवार वहीत लिहून ठेवते. मार खाणाऱ्या बाईची आधारची झेरॉक्स, पासबुक, लेकरांचे जन्मदाखले माझ्या तांदळाच्या डब्यामागे असतात. पोलिसांच्या भरोसा सेलला जायचं असो की संरक्षण अधिकाऱ्याकडे, वही सोबत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हा अधिकारी नेमलेला असतो, तो घटनेचा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला त्यात राहण्याचा हक्क आहे, हे तर आमच्या गटात बहुतेकींना माहीतच नव्हतं. आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो.

सगळ्याच गोष्टी चांगल्या नाही झाल्या. ती 'घसरणारी' दोन महिने माहेरी राहून परत गेली त्याच्याकडे. गटातल्या बाया चिडल्या, "आता मरू दे." मीही चिडले. पण तिची कागदं मी परत नाही केली, आणि ती मागायला आली नाही. दिवाळीनंतर एका रात्री तीच, हातात वाटी घेऊन, माझ्या दारात उभी. आत ये म्हटलं, काही विचारलं नाही.

तर तुझ्यासाठी. पुण्यात तुमचं बंद दारांचं गाव आहे, विरजण कुणी मागत नाही हे माहीत आहे मला. पार्सल चुकून आलं का विचार, लिफ्ट बंद आहे का विचार, बेल वाजव. एकटा जाऊ नकोस, वॉचमनला घे. जीवावरचं वाटलं तर थांबायचं नाही, सरळ 112. नाहीतर आधी तिला एकटीला गाठ आणि तिला काय हवंय ते विचार. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर दे. तिने कुणाला सांगितलं हे नवऱ्याला कळता कामा नये, कारण बाई निघायला लागली की तेव्हाच जास्त धोका असतो. खात्री नाही म्हणून गप्प बसू नकोस. चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला कळवणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही, असं त्या कायद्याच्या चौथ्या कलमातच आहे. आणि "तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?" हे तर चुकूनही विचारू नको.

सांबारवड्या पाठवल्या आहेत बसने, मंगळवारी मिळतील. जास्तच आहेत, एक डबा शेजारी दे.

आणि नाव काय रे तिचं? फोनवर तू 'शेजारची' एवढंच म्हणालास.

तुझी,
आई