देश की क्लब, हा पेच आधीच सोडवा

संपादक महोदय,

दक्षिण कोरियात सुदृढ तरुणांना सैन्यसेवा सक्तीची आहे. ऑलिम्पिकचे कोणतेही पदक किंवा आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या खेळाडूंना मात्र तीत मोठी सवलत मिळते. २०१८ मध्ये ऐन हंगामाच्या सुरुवातीला टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल क्लबने आपला कोरियन खेळाडू सोन ह्युंग-मिनला इंडोनेशियातील आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी सोडले आणि त्या बदल्यात तो आशियाई चषक या फुटबॉलच्या वेगळ्या स्पर्धेच्या पहिल्या दोन सामन्यांना मुकेल, हे कोरियाच्या महासंघाने मान्य केले. क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोरियाने जपानला जादा वेळेत २-१ असे हरवले. तरीही २०२० मध्ये सोनने जेजू बेटावर तीन आठवड्यांचे लष्करी प्रशिक्षण घेतलेच, याचे मला विशेष कौतुक वाटते.

आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण असा समंजस करारही दिसत नाही. २०२३ च्या हांगझोऊ (चीन) येथील आशियाई क्रीडा स्पर्धेवेळी आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही क्लबांची स्पर्धा तोंडावर आल्यामुळे क्लबांनी खेळाडू सोडताना खळखळ केली आणि कसाबसा जमवलेला, उशिरा पोहोचलेला आपला संघ चीनकडून ५-१ असा हरला. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने जागतिक स्पर्धांचे सामने पाहिले आहेत. याच परिसरात चिखलाने माखलेले बूट पिशवीत घालून सरावाहून परतणारी मुले भारताकडून खेळण्याची स्वप्ने पाहतात. त्यांच्यासाठी तरी महासंघ आणि क्लबांनी हंगामापूर्वीच खेळाडूंबाबत लेखी करार करून तो जाहीर करावा.

– एक फुटबॉलप्रेमी, नेरुळ, नवी मुंबई